मापवहीतले दगड

अंगावरून वारं गेल्यावर अकराव्या दिवशी म्हाताऱ्या गवंड्याच्या तोंडून पहिला धड शब्द फुटला, आणि तो ऐकून त्याची बायको तोंडावर हात ठेवून आतल्या खोलीत पळाली.

शब्द होता "मुका."

घरचीच माणसं असती तर एक वेळ खपून गेलं असतं. पण खाटेसमोर शेजारचा कुंभार बसला होता. शंभर किलोचा गडी, त्याच्याखाली स्टूल कुरकुरत होतं. त्याच्यावर डोळे रोखून म्हातारा पुन्हा म्हणाला, "मुका. मुका!" कुंभार स्टुलासकट वीतभर मागे सरकला.

"अहो, शोभतं का हे?" बायको आतून ओरडली. "चाळीस वर्षांत मला कधी म्हणाला नाहीत, आणि आता कुंभारभावजींना?"

म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा रागानं लाल झाला, अर्धा होता तसाच राहिला. डावा हात उचलून तो जमिनीकडे दाखवू लागला. कुंभाराच्या पायाशी एक दगड होता. म्हाताऱ्याच्या शेताची भिंत पंधरा फूट लांबीत ढासळून खाली कुंभाराच्या अंगणात आली होती, आणि त्यातला हा दगड कुंभारानं पुरावा म्हणून काखेत मारून आणला होता. आल्या आल्या त्यानं तो फरशीवर आदळला. आवाज सगळ्यांच्या कानावर पडला होता, पण कान देऊन ऐकला होता एकट्या म्हाताऱ्यानं.

माहेरी आलेल्या लेकीनं कोपऱ्यातली हातोडी घेतली आणि दगडावर हलकेच मारली. ढप्प. नुसताच ढप्प, पुढे काही नाही.

"मुका आहे, बाबा," ती म्हणाली. "आतून तडकलाय. हेच ना?"

"हां," म्हातारा म्हणाला आणि त्यानं उशीवर डोकं टाकलं. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी कानापर्यंत ओघळलं. अकरा दिवसांत कुणाला तरी त्याचं बोलणं कळलं होतं.

लेकीनं पिशवीतून वही काढली. वही तशी तिच्या नवऱ्याची. नवरा शिंपी, तासाभराच्या अंतरावरच्या बाजारगावात बसथांब्यासमोर त्याचं दुकान, आणि तिथं काजं करायला, बटणं लावायला ही. लग्नाच्या पहिल्या वर्षातली ती मापवही अर्धी कोरी राहिली होती, म्हणून हिनं घेतली. सुरुवातीच्या पानांवर छाती अडतीस, कंबर चौतीस, बाही बावीस. मध्येच कुठंतरी कंबर संपते आणि "लोळण्या" सुरू होतो. लोळण्या म्हणजे गोल दगड, कसाही ठेवा, बसायचं नाव घेत नाही.

तिचा बाप नुसत्या दगडावर दगड रचून भिंती घालायचा. चुना नाही, माती नाही. पोर असताना तिला दगडाला हात लावू देत नसे, बोटं चेमटतील म्हणून. मग ती पाण्याची कळशी घेऊन ढिगावर बसायची आणि ऐकायची. भिंतीच्या आत, दोन तोंडांच्या मध्ये भरतात त्या बारीक चिपांना बाबा "कुजबूज" म्हणायचा. बाहेरून ऐकू येत नाही, पण आत सतत चालू पाहिजे. सांध्यावर सांधा आला तर ती "पळवाट", कारण भिंत तिथून पळून जाते. भिंत फुगली की तिला "पोट" आलं, आणि फुगून उघडली की तिनं "जांभई" दिली. असे एकशे बारा शब्द तिनं लिहून ठेवले होते. कशाला, असं कुणी विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. नवरा म्हणायचा, "लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. हिला फुकटचा छंद लागलाय, माझं काय जातंय!"

एक शब्द मात्र तिनं मुद्दाम गाळला होता. तो शब्द म्हणजे "जावई."

दर्शनी तोंड मोठं, देखणं, पण भिंतीत आत जायला अंग नाही, अशा रीतीनं बसवलेल्या दगडाला तिच्या घराण्यात जावई म्हणत. समोरून बघावं तर भिंतीची शोभा वाढवतो, आणि पाऊस आला की सगळ्यांत आधी निघून जातो. पणजोबांचा शब्द. पणजोबांना कुठल्या जावयानं एवढं छळलं होतं कोण जाणे! हिचं लग्न ठरलं तेव्हा आईनं घरात फर्मान काढलं, की तेवढा एक शब्द या घरात कुणी उच्चारायचा नाही. बाबाला हसू आवरत नसे. समोर नवा जावई बसलाय, आणि त्याला हाक मारायला गेलं की डोळ्यांपुढे निखळलेला दगड येतो! म्हणून तो त्याला "पाहुणे" म्हणू लागला. आईही पाहुणेच म्हणू लागली. हिनं मापवहीत शब्द उतरवताना तो एक शब्द सोडून दिला, कारण वही नवराही चाळायचा. नऊ वर्षं असंच चाललं.

कुंभार उठला. मुक्याचा खुलासा ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला होता, पण तो आला होता वेगळ्याच कामाला.

"वहिनी, रागावू नका," तो म्हणाला. "माझी दीडशे मडकी गेली, त्याचं मी बोलत नाही. पण तीन आठवड्यांत पाऊस येईल. उरलेली भिंत आणि वरची माती एकदम माझ्या भट्टीवर येणार. दादा असे पडलेले. पाऊस यायच्या आत भिंत उभी राहिली तर ठीक. नाहीतर मी सिमेंटवाल्याला आणतो."

सिमेंट म्हटल्याबरोबर म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. पंचक्रोशीतली प्रत्येक भिंत त्याच्या हातची, आणि त्याच्याच शेताला दुसऱ्या माणसानं येऊन सिमेंट लावायचं. वर जी माती होती ती त्यानं उमेदीच्या काळात डोक्यावरून पाट्या वाहून तयार केली होती. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं शिंपी आला. काटकुळा माणूस, नाकावर चष्मा, गळ्यात टेप. टेप त्यानं मुद्दाम घातली नव्हती, उतरवायची राहिली होती. शाळा सुरू व्हायच्या आधीचे हे दिवस म्हणजे त्याचा गणवेशाचा हंगाम. तरी त्यानं सगळं ऐकून घेतलं, अंगणात जाऊन ढिगाऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि येऊन बायकोला म्हणाला, "आपण घालू."

"आपण? अहो, तुम्ही कधी वीट तरी उचललीय का?"

"मामांना माहितीय. तुझ्या वहीत लिहिलंय. मला हात आहेत. अजून काय लागतं?"

अजून बरंच काही लागतं हे पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत त्याला कळलं. पण तोवर दुकानाच्या दारावर "तीन आठवडे बंद" असा कागद लागला होता.

म्हाताऱ्याची खाट चौघांनी उचलून कुंभाराच्या मडकी वाळवायच्या छपराखाली नेऊन ठेवली, अगदी पडलेल्या भिंतीसमोर. सगळीकडे ओल्या मडक्यांच्या रांगा आणि मध्ये उशीला टेकून म्हातारा. कुंभार येताजाता म्हणायचा, "दादा, यांच्यावरही लक्ष ठेवा." म्हातारा मान हलवायचा.

पहिले चार दिवस नुसते दगड निवडण्यात गेले. शिंपी एकेक दगड उचलून खाटेपुढे आणायचा, लेक हातोडी मारायची, म्हातारा ऐकायचा. मुका निघाला की बाजूला, खणखणला की भिंतीला. शब्द त्याला हवा तेव्हा सापडत नसे. कधी ओठ नुसतेच हलायचे, कधी "पाणी" म्हणायचं असताना "पाया" निघायचं आणि स्वतःवरच चिडून तो खाटेचा दांडा बडवायचा. पण कामाचे शब्द कुठंतरी खोल, वाऱ्याच्या तडाख्यातून वाचलेले होते. दगड समोर आला की त्याचं नाव वर यायचं. "लोळण्या," तो म्हणायचा, आणि शिंपी छातीशी धरून आणलेला तो दगड मुकाट्यानं परत नेऊन टाकायचा. मग दुसरा आणायचा. तोही लोळण्या.

"मामा, सगळे लोळण्याच माझ्याच नशिबी कसे हो?" शिंपी धापा टाकत विचारायचा. म्हाताऱ्याचा अर्धा चेहरा हसायचा.

पाया भरला. दोरी बांधली, ओळंबा सोडला. ओळंबा शिंप्याला लगेच जमला, कारण सरळ आणि वाकडं यातला सुताएवढा फरक त्याला लांबून दिसायचा. पण दगडाचं वजन त्याच्या हातांना कळत नव्हतं. तिसऱ्या थराला त्याच्या उजव्या तर्जनीचं नख दगडाखाली आलं आणि काळंनिळं झालं. तेच बोट, ज्यानं तो सुई धरायचा. सासूनं हळद लावून चिंधी बांधली. तो म्हणाला, "काही नाही हो," आणि भट्टीआड जाऊन बोट तोंडात धरून बराच वेळ उभा राहिला. लेकीनं ते पाहिलं, पण पाहिलं नसल्यासारखं केलं.

तिच्या स्वतःच्या हातांचीही सालं निघाली होती. पण ज्या कामाला लहानपणी हात लावू दिला नव्हता तेच आता करायला मिळत होतं, आणि तेही बाबाच्या देखत, याचं सुख इतकं होतं की पाठ मोडून आली तरी ती संध्याकाळी उठायला तयार नसायची. चिपा आत सारताना ती स्वतःशी म्हणायची, कुजबूज, कुजबूज. इतकी वर्षं शब्द वहीत होता. आता तो बोटांना लागत होता, टोकदार आणि गरम.

एकदा म्हातारा अचानक ओरडू लागला, "पळवाट! पळवाट!" आई जेवण घेऊन आली होती. ती म्हणाली, "आता कुठं पळताय? पाय तरी आहेत का धड?" लेक धावत भिंतीशी गेली. खरंच, तीन थर सांध्यावर सांधा आला होता. अर्ध्या दिवसाचं काम मोडावं लागलं. शिंपी दगड जरा जोरानंच खाली टाकू लागला.

दहाव्या दिवशी दुपारी ऊन फार वाढलं म्हणून म्हाताऱ्याला घरात नेलं. भिंत मांडीपर्यंत आली होती. शिंप्याला ढिगाऱ्यात एक दगड सापडला. हातभर रुंद, वीतभर उंच, पुढची बाजू जणू इस्त्री केलेली. त्यानं तो एकट्यानं ओढत आणला, पहारीनं सरकवत जागेवर बसवला आणि चार पावलं मागं जाऊन बघितलं.

"बघ तरी," तो बायकोला म्हणाला. "अख्ख्या भिंतीत असा दुसरा नाही."

तिनं पाहिलं. दगड सुरेख बसला होता. लांबीनं आडवा, सगळी लांबी बाहेर, आत जेमतेम वीतभर. तिच्या मनात काहीतरी खटकलं. पण दहा दिवसांत पहिल्यांदाच नवरा कंबरेवर हात ठेवून उभा होता. ती म्हणाली, "छान बसलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट बाहेर आणली. म्हाताऱ्यानं भिंतीवरून नजर फिरवली, ती एका जागी थांबली, ओठ हलले आणि शब्द निघाला.

"जावई."

आईच्या हातातला पेला खाली पडला. लेक जागच्या जागी उभी राहिली. शिंपी भिंतीशी वाकून चिपा वेचत होता. तो सावकाश सरळ झाला, हात पँटला पुसले आणि खाटेजवळ आला.

"काय म्हणालात, मामा?"

"जावई," म्हातारा म्हणाला. डावा हात पुढे झाला. "जावई. जावई!"

शिंप्यानं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "आहे मामा, इथंच आहे," तो म्हणाला. म्हातारा हात सोडवून घेऊ लागला, तशी शिंप्यानं पकड आणखी घट्ट केली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कसलं पाणी हे खाटेभोवतीच्या दोघींना ठाऊक होतं. आई पडलेला पेला उचलायला वाकली आणि लेक पाटी घेऊन भिंतीशी गेली.

संध्याकाळी हातपाय धुताना शिंपी बायकोला म्हणाला, "तुला सांगितलं नव्हतं कधी. तुमच्या घरात मला कुणी जावई म्हणत नाही. नऊ वर्षं पाहुणे. दिवस मोजून आलेला, उद्या जाणारा. मला वाटायचं, मामांना दगडाचा माणूस हवा असेल आणि मी पडलो चिंध्यांचा. आता त्यांची वाचा गेली आणि राहिलेल्या चार शब्दांत हा एक राहिला. म्हणजे आत होता ना गं तो?"

ती तांब्यानं त्याच्या हातांवर पाणी घालत होती. सांगायचं तर आत्ताच, हे तिला कळत होतं. पाणी संपलं. ती म्हणाली, "आणखी आणते."

त्यानंतरचे दोन दिवस तिला कसे गेले ते तिचं तिलाच माहीत. त्या दगडावर एक थर चढला, मग दुसरा. म्हातारा मध्येच म्हणायचा, "जावई." शिंपी पटकन हातातलं टाकायचा. "आलो, मामा!" पाणी पाजायचा, उशी नीट करायचा, माश्या वारायचा. म्हातारा डोकं हलवायचा, "नको, नको," आणि पुन्हा, "जावई!" शिंपी म्हणायचा, "अहो, इथंच तर आहे." लेक स्वतःची समजूत घालायची, की एक दगड तो काय. पंधरा फूट भिंतीत एक दगड. बाकीचे धरून ठेवतील त्याला.

तिसऱ्या दिवशी म्हातारा गप्प झाला. जावईही म्हणेना आणि काहीच म्हणेना. लेकीनं चिप पुढं धरून विचारलं, "बाबा, ही कुजबुजीला चालेल?" त्यानं चिपेकडं पाहिलंही नाही. तो मान वळवून मडक्यांच्या रांगांकडं बघत राहिला. अकरा दिवस ज्या डोळ्यांनी तो घरात पडला होता, तेच डोळे परत आले होते.

तेव्हा मात्र तिच्या ध्यानात आलं. त्यानं बरोबर शब्द म्हटला होता. बरोबर जागेकडं बघून, बरोबर वेळी म्हटला होता. आणि दर वेळी कुणीतरी येऊन त्याला पाणी पाजलं होतं. त्याला वाटलं असणार, हाही शब्द आपला राहिला नाही. आता बाकीचे तरी कशाला काढायचे?

तिनं हातातली पाटी खाली ठेवली.

"अहो, इकडे या," ती नवऱ्याला म्हणाली. "बाबा तुम्हाला हाक मारत नव्हते."

तिनं सगळं सांगितलं. पणजोबा, आईचं फर्मान, वहीतली गाळलेली जागा, सगळं. दगडाकडं बोट दाखवून म्हणाली, "तो जावई आहे. तुम्ही नाही." बोलताना तिला रडू येत होतं, तरी तिनं काही राखून ठेवलं नाही. कुंभार भट्टीशी लाकडं रचत होता, त्याचे हात थांबले.

शिंप्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. मग पहार घेऊन भिंतीशी गेला. टोक त्या देखण्या दगडाच्या फटीत घातलं आणि हलकेच दाबलं. टेबलाचा खण यावा तसा दगड तीन बोटं बाहेर आला. वरचे दोन थर करकरले.

"वहीत का नाही लिहिलंस?" पाठ न वळवता त्यानं विचारलं.

"तुम्ही वाचाल म्हणून."

"ती मापवही आहे," तो म्हणाला. "माणसाला वाईट वाटेल म्हणून मी कंबर दोन इंच कमी लिहिली असती, तर गावात एकाची तरी पँट बसली असती का? हे कुंभारभाऊ इथं उभे आहेत. विचार त्यांना, त्यांच्या तोंडावर आकडा म्हणतो की नाही मी!"

"म्हणतो," कुंभार दुरून म्हणाला. "मोठ्यानं म्हणतो."

शिंपी हसला नाही. खाली बसला, टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. लेक जवळ जाऊन उभी राहिली. मग तो उठला आणि वरचे थर उतरवू लागला. तीही लागली. दिवस कलेपर्यंत दोघांनी मिळून दोन थर उतरवले आणि तो दगड बाहेर काढून जमिनीवर ठेवला.

शिंप्यानं गळ्यातली टेप काढून दगडाला लावली. रुंदी मोजली, जाडी मोजली. मग भिंतीतल्या रिकाम्या जागेची खोली मोजली आणि जागच्या जागी थांबला.

"अगं," तो म्हणाला, "माया सोडलीच नाही मी याला."

"काय?"

"माया गं. शिवणीच्या आत राखतो ते कापड. बाहेरून दिसत नाही, पण कपडा टिकतो तो तिच्यावरच. मी सगळं कापड बाहेर काढून बसलो. दगडात खोट नाही. मीच तो आडवा लावलाय."

त्यानं दगड उभ्या बाजूनं फिरवला. ते इस्त्रीचं तोंड बाजूच्या दगडाआड गेलं. पहारीनं ढकलत त्यानं तो लांबीनं आत सारला, आत, आणखी आत, मागच्या मातीला टेकेपर्यंत. बाहेर राहिलं एवढंसं टोक, वीतभर रुंद, ओबडधोबड. कुणी वळूनही बघणार नाही असं.

खाटेवरून आवाज आला. "हां."

म्हातारा मान उचलून बघत होता. त्याचा डावा हात हवेत आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. सुई चालावी तसा. ओठ जुळत नव्हते, त्यानं तीनदा प्रयत्न केला.

"शिं-पी," तो म्हणाला. "शिंपी!"

शिंपी खाटेकडं निघाला, तसा म्हाताऱ्यानं खाटेचा दांडा बडवला आणि भिंतीकडं बोट केलं. तुला नाही रे बाबा, त्याला!

आता मात्र शिंपी हसला. आधी थोडं, मग पोट धरून. कुंभार हसला, आई हसली, लेक हसता हसता रडली. शिंप्यानं तिच्याकडून वही मागून घेतली आणि काळ्या नखाच्या बोटात पेन्सिल धरून, माप लिहावं तसं वळणदार लिहिलं. जावई: तोंड हातभर, माया नाही. शिंपी: तोंड वीतभर, माया हातभर. भिंतीला शिवून टाकतो.

पुढचे पाच दिवस भिंत भराभर चढली. म्हाताऱ्याचे शब्द परत आले आणि त्यांत सगळ्यांत जास्त वेळा येई तो "शिंपी." दर तीन हातांवर एक लांब दगड आत घालायचा, तिथं आलं की म्हातारा ओरडायचा, आणि शिंपी हाकेला ओ न देता ढिगाऱ्यातून लांब दगड शोधून आणायचा. बरोबर निघाला तर "हां," नाही तर "नको."

तीन आठवडे संपायला दोन दिवस असताना माथ्याचे दगड बसले. कुंभार खाली उभा राहून बघत होता.

"दिसायला तर बरी दिसते," तो म्हणाला. "पण धरेल का?"

"चढून बघा," शिंपी म्हणाला.

कुंभारानं चपला काढल्या. कडेनं वर चढला आणि आपले शंभर किलो घेऊन त्या पंधरा फुटांवरून चालत निघाला. आईनं डोळे मिटून घेतले. मध्यावर कुंभार थांबला आणि कुणाला कळायच्या आत त्यानं टुणकन उडी मारली. वर उडालेला तो जिथं उतरायचा तिथंच उतरला. एक चिपसुद्धा हलली नाही. त्यानं खाली मडक्यांकडं पाहिलं, खाटेकडं पाहिलं.

"दादा," तो म्हणाला, "सिमेंटवाल्याला मी काय सांगायचं ते सांगतो." आणि उतरताना त्याला धरायला तिघं लागली.

उन्हं उतरली. हत्यारं गोळा करून झाली. आई चहा घेऊन आली, तेवढ्यात खाटेवरून हाक आली.

"शिंपी."

शिंपी चहाचा पेला ठेवून उठला. उरलेल्या दगडांत शोधून त्यानं एक लांबट दगड छातीशी धरून आणला आणि खाटेपुढं ठेवला. "आता कुठं घालायचा, मामा? भिंत तर झाली."

"नको," म्हातारा म्हणाला. "शिंपी."

तो दुसरा घेऊन आला, आणखी लांब. घामानं चष्मा घसरला होता.

"नको!" म्हाताऱ्यानं डाव्या हातानं खाटेवर आपल्या शेजारी थोपटलं. एकदा, दोनदा.

"अहो, दगड नकोत त्यांना," आई म्हणाली. "तुम्ही बसा."

शिंपी दगड तिथंच टाकून खाटेच्या कडेवर अवघडून बसला. म्हाताऱ्यानं त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं. मग डाव्या हाताची बोटं मिटली आणि त्याच्या पाठीवर, खांद्याच्या थोडं खाली, दोनदा ठोकलं. मान तिरकी करून कान दिला.

"बोलका," तो म्हणाला.

लेकीच्या मांडीवर वही होती. तिनं ती उघडली नाही. तो शब्द त्या वहीत, शब्दांच्या पहिल्या पानापासून होता.